क्रम बदलला, कारण लिहा

आमच्या मशीन शॉपमध्ये ऑफिसच्या दाराशेजारी एक काळा फळा आहे. डावीकडे मशीनची नावं, उजवीकडे खडूने लिहिलेले जॉब नंबर. फोरमनकाका रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो पुसून नव्याने लिहायचे, आणि दहा वाजेपर्यंत निम्म्या ओळींवर काट पडलेली असायची. तेवढ्यात कुठल्या तरी पार्टीचा फोन आलेला असायचा आणि मी आतून बाहेर येऊन म्हटलेलं असायचं, "काका, तो फ्लँज आधी घ्या." तासाभराने दुसरा फोन, दुसरं "आधी". दुपारी काकांनी विचारलेलं आठवतं, "ताई, सगळंच आधी असेल तर नंतर काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्लॅनिंग आणि डिस्पॅच माझ्याकडे आहे. चार सीएनसी (संगणकाने चालणारी) लेथ, दोन व्हीएमसी (संगणकाने चालणारी उभी मिलिंग मशीन), दोन जुनी मिलिंग मशीन, एक ड्रिलिंग आणि गोल भाग घासून नेमक्या मापाला आणणारा एकुलता एक सिलिंड्रिकल ग्राइंडर. दोन शिफ्टमध्ये मिळून विसेक माणसं. ऑर्डरी लहान असतात: वीस नग, पन्नास नग, क्वचित दोनशे. मशीन कधी रिकामं नसायचं, ओव्हरटाइम सुरूच असायचा आणि माल तरीही उशिरा निघायचा. कुणी कामचुकार असता तर निदान कुठे बोट ठेवायचं ते कळलं असतं. इथे प्रत्येक जण जीव तोडून काम करत होता आणि संध्याकाळी मी फोनवर माफी मागत होते. हे मला फार लागायचं.

मग आम्ही संगणकाची मदत घ्यायचं ठरवलं. त्याला आता दीड वर्षाच्या वर होऊन गेलं. काय काय घडलं ते इथे लिहिते आहे.

पहिला प्रयत्न फसला, तो थोडक्यात सांगते. एक तयार पॅकेज घेतलं. त्याचा हिशोब एमआरपीच्या (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगच्या) जुन्या पद्धतीचा होता. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांच्या कामातून ही पद्धत आकाराला आली: डिलिव्हरीच्या तारखेतून प्रत्येक टप्प्याचे ठरावीक दिवस वजा करत मागे यायचं आणि कुठलं काम कधी सुरू करायचं ते काढायचं. एकच वस्तू पुन्हा पुन्हा बनवणाऱ्या कारखान्यात तिचा उपयोग होतो. पण त्या दिवशी त्या मशीनवर जागा आहे का, हे ती मुळात बघत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. आमच्या पॅकेजने छान छापील वेळापत्रक दिलं आणि त्यात एकाच शिफ्टला ग्राइंडरवर तीन लॉट (एकत्र चालणाऱ्या नगांचे गट) होते. काकांनी तो कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खडू उचलला. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या वेळी मी सॉफ्टवेअरकडे वळलेच नाही, जॉब कार्डांकडे वळले. कुठलं काम कधी सुरू झालं, कधी संपलं हे ऑपरेटर या कार्डांवर लिहितात. तीन महिन्यांची कार्डं घेऊन स्प्रेडशीटमध्ये भरायला बसले. सुरू आठ, संपलं बारा. सुरू साडेबारा, संपलं तीन. शंभरेक कार्डं भरून झाल्यावर लक्षात आलं की एकही वेळ शून्य किंवा तीस मिनिटांशिवाय संपत नाही. कार्डं पुन्हा बघितली तर एका शिफ्टची सगळी कार्डं एकाच पेनने, एकाच हाताने, एकाच तिरकेपणात लिहिलेली. शिफ्ट सुटताना आठवून भरलेली होती ती. यात फसवण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. हात तेलाने आणि कूलंटने (धातू कापताना सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाने) माखलेले असताना माणूस दर वेळी घड्याळ बघून कार्ड लिहील ही अपेक्षाच चुकीची होती. पण ज्या आकड्यांच्या जोरावर संगणकाकडून निर्णय घ्यायचा, ते आकडेच आठवणीतले होते.

म्हणून प्रत्येक कार्डावर बारकोड छापायला लागलो. स्टोअरजवळ एक जुना संगणक ठेवला आणि त्याला साधा बारकोड स्कॅनर जोडला. हा स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही. जे वाचेल ते टाइप केल्यासारखं समोर उमटतं. कार्ड स्कॅन करायचं, मशीनचा कोड स्कॅन करायचा, "सुरू" किंवा "संपलं" स्कॅन करायचं. वेळ संगणक टाकतो. लिहायचं काही उरलं नाही, तेव्हा नोंदी खऱ्या यायला लागल्या.

मशीन का थांबलं याच्या नोंदीत मात्र मी चुकले. सत्तावीस कारणांची यादी केली होती, अगदी अभ्यासपूर्वक. पहिल्या पंधरवड्यात बहुतेक नोंदी "इतर" याच खाली आल्या. सत्तावीसमधून एक शोधायला कुणाला वेळ आहे? मग ती यादी फाडली आणि ऑपरेटर एकमेकांशी बोलताना जे शब्द वापरतात तेच सात घेतले: मटेरियल नाही, टूल नाही, सेटिंग, क्यूसीची (तपासणीची) वाट, क्रेनची वाट, ड्रॉइंगची शंका, मशीन बिघडलं. "इतर" काढून टाकलं. सातांत बसत नसेल तर काकांना सांगायचं. एवढ्याने चित्र पालटलं.

सहा आठवड्यांच्या खऱ्या नोंदी हातात आल्या आणि मी सहज एक शाफ्टचा लॉट काढून बघितला. त्याच्यासाठी सगळी मशीनं मिळून प्रत्यक्ष चालली होती साडेसहा तास. शॉपमध्ये तो लॉट पडून होता सतरा दिवस. मी दोनदा बेरीज केली. मग दुसरा लॉट काढला, तिसरा काढला. कमीजास्त तेच. आम्ही रोज भांडत होतो मशीनच्या मिनिटांवरून, आणि दिवस जात होते पॅलेटवर.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे लागू पडतो आणि तो पाठ करावा इतका सोपा आहे. आत असलेली कामं म्हणजे रोज बाहेर पडणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे सरासरी दिवस. आमच्या शॉपमध्ये त्या दिवशी ६४ कार्डं उघडी होती. रोज सरासरी चार लॉट पूर्ण होत होते. ६४ भागिले ४, सोळा दिवस. मी पार्ट्यांना दहा दिवस सांगत होते. यात कुणाच्या मेहनतीचा प्रश्नच नव्हता. जोवर ६४ कार्डं आत आहेत आणि चार बाहेर पडताहेत, तोवर सरासरी सोळाच दिवस लागणार. कितीही ओरडा, कुणालाही "आधी" म्हणा. एकाला आधी घेतलं की दुसरा तेवढा मागे जातो.

उपाय कागदावर सोपा: रोज चार बाहेर पडत असतील तर चारच आत सोडायची, आणि काही दिवस तीनच. करायला मात्र तो सगळ्यात अवघड गेला, आणि अडचण माझीच होती. पार्टी फोनवर विचारते, "आमचं काम लावलं का?" तेव्हा "हो, लावलं" म्हणायची सवय झालेली असते. त्या एका वाक्यासाठी मी वर्षानुवर्षं कार्डं घाईने शॉपमध्ये ढकलत आले होते. आता कार्ड माझ्या टेबलावर ठेवून "अजून नाही, पण अमुक तारखेला लागेल आणि अमुक तारखेला निघेल" असं सांगायचं, याला धीर लागला. काका विरोध करतील असं वाटलं होतं, पण ते एका शब्दात हो म्हणाले. दोन मशीनमध्ये चालायला वाट राहत नाही, लॉट शोधण्यात अर्धा तास जातो, हे ते कधीपासून सांगत होते. चाळीस कार्डांपर्यंत यायला दोन महिने लागले. रोजचे चार लॉट तसेच निघत राहिले आणि दिवस सोळावरून दहाच्या आसपास आले. एक काळजी सतत घ्यावी लागली: ग्राइंडरपुढची रांग कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. तो थांबला की चारचे तीन होतात आणि हिशोबच मोडतो.

ग्राइंडरचं थोडं अधिक सांगायला हवं. बहुतेक शाफ्ट, पिन, बुश शेवटी त्याच्याकडेच येतात. अशा मशीनवरचा भार वाढतो तसा वाट बघण्याचा वेळ सरळ रेषेत वाढत नाही. रांगांच्या गणितातल्या सगळ्यात साध्या गृहीतकांवर, मशीन ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर कामाला त्याच्या स्वतःच्या वेळेच्या सरासरी चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आमचा ग्राइंडर जवळजवळ सगळा वेळ चालू असतो याचा मला अभिमान होता.

आता क्रमाचा प्रश्न. दहा जॉब एका मशीनवर किती क्रमांनी लावता येतात? ३६,२८,८००. त्यातला बरा क्रम काका रोज पाच मिनिटांत खडूने लिहायचे, हे कौतुकाचंच होतं. पण ते एका मशीनचा विचार करून लिहायचे. पुढच्या मशीनचं काय होतंय हे लिहिताना डोळ्यांसमोर नसायचं. मी त्यांना एक छोटं उदाहरण फळ्यावरच करून दाखवलं. तीन लॉट, आधी लेथ मग ग्राइंडर. पहिल्याला लेथवर पाच तास, ग्राइंडरवर दोन. दुसऱ्याला चार आणि चार. तिसऱ्याला एक आणि सहा. आले त्या क्रमाने लावले तर ग्राइंडर आधी पाच तास रिकामा, मग दोन तास काम, पुन्हा दोन तास रिकामा, आणि सगळं संपतं एकोणिसाव्या तासाला. आता उलटं करा: तिसरा, दुसरा, पहिला. पहिल्या तासाअखेर ग्राइंडरला काम मिळतं आणि मग तो थांबतच नाही. तेराव्या तासाला सगळं संपतं. मशीनं तीच, माणसं तीच, सहा तास वाचले. एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये दोन मशीनसाठी हा नियम मांडला: सगळ्यांत लहान वेळ शोधा, ती पहिल्या मशीनवरची असेल तर तो जॉब पुढे घ्या, दुसऱ्यावरची असेल तर मागे टाका, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा हेच.

काकांनी फळ्याकडे बराच वेळ बघितलं. मग खडू घेऊन स्वतः दुसरे तीन आकडे टाकले आणि करून बघितलं. "हे लेथवाल्यांना पण दाखवा," म्हणाले.

दहा मशीन, वेगवेगळे मार्ग आणि तारखा आल्या की हा नियम एकटा पुरत नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी जेमतेम शिकले होते. गूगलने खुलं केलेलं ओआर-टूल्स नावाचं साधन आहे, त्यात मशीन, वेळा, तारखा आणि अटी लिहून दिल्या की ते चांगला क्रम शोधतं. कामाच्या वेळा स्कॅनच्या नोंदींतून घेतल्या. त्यात सरासरी न घेता, सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारी घेतली, कारण एखाद्या दिवशी टूल तुटून चार तास गेले तर सरासरी उगाच फुगते. तीनेक आठवडे रात्री बसून पहिला आराखडा तयार केला आणि सोमवारी सकाळी पडद्यावर लावला.

काकांनी त्यातले अकरापैकी पाच जॉब बदलले.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण त्याआधी एक गोष्ट मी सुदैवाने करून ठेवली होती. पडद्यावर क्रम बदलायची मुभा होती, फक्त बदलला की खाली एक रकाना उघडायचा: "क्रम बदलला, कारण लिहा." दोन शब्द चालतील, पण लिहायचेच. काका टाइप करत नाहीत. ते सांगायचे आणि स्टोअरचा मुलगा लिहायचा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं काय ठरलं असं कुणी विचारलं तर मी हा रकाना दाखवेन.

पहिल्या महिन्यात आलेली कारणं अशी होती. "जॉ तेच." "जॉ तेच." "पातळ भिंतीचा जॉब, दुसऱ्या शिफ्टच्या सेटरलाच द्या." "इन्सर्ट संपले." "सकाळी नको." "जॉ तेच." "ड्रॉइंग बदललंय, थांबा." "सकाळी नको."

"जॉ तेच" म्हणजे काय हे मशीनवाल्यांना सांगायला नको, पण माझ्या आराखड्याला ते माहीत नव्हतं. लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागात, सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) लावून ते त्या जॉबच्या मापाला बोअर करून, म्हणजे आतून कातून घ्यावे लागतात. टूल बदलायची, पहिला पीस काढायचा, तो क्यूसीकडून पास करून घ्यायचा. या सगळ्याला, म्हणजे सेटिंगला, आमच्याकडे सुमारे दीड तास जातो. पुढचा जॉब त्याच जॉवर बसत असेल तर वीस मिनिटांत सेटिंग होतं. मी प्रत्येक जॉबला सेटिंगचा एकच आकडा दिला होता. एका लेथवर दोन प्रकारच्या जॉचे प्रत्येकी तीन जॉब असतील आणि तारखेनुसार ते आलटून पालटून लागले, तर सहा वेळा दीड तास, म्हणजे ५४० मिनिटं नुसती सेटिंगची. एकत्र लावले तर दोनदा दीड तास आणि चारदा वीस मिनिटं, २६० मिनिटं. साडेचार तासांहून जास्त फरक आहे, आणि काका तो नजरेने ओळखत होते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मग काका, लेथचा सेटर आणि मी तीन दुपारी एकत्र बसलो. एकूण एक जॉब घेऊन कुठल्यावरून कुठल्यावर जाताना किती वेळ लागतो त्याचा तक्ता केला. सेटर सुरुवातीला गप्प होता. दुसऱ्या दुपारी तो म्हणाला, "ताई, ह्या दोन जॉबला टूल पण सेम आहेत, फक्त नंबर वेगळे टाकलेत प्रोग्रॅममध्ये." ते नंबर सारखे केल्यावर आणखी एक गट तयार झाला. अशी गोष्ट विकत घेतलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळत नाही. ती त्याच्या डोक्यात होती.

तक्ता घातल्यावर उलटी अडचण आली. संगणकाला सेटिंग वाचवायची इतकी गोडी लागली की तो एकाच जॉचे जॉब आठवडाभर सलग लावायला लागला. मग ते सगळे एकदम ग्राइंडरपुढे जाऊन पडायचे आणि दुसऱ्या पार्टीच्या तारखा उलटायच्या. सेटिंग वाचवणं आणि तारीख पाळणं यांत ओढाताण आहे, आणि त्यात किती कुठे झुकायचं हे दर वेळी वेगळं असतं. म्हणून मी एकच क्रम दाखवणं बंद केलं. आता पडदा तीन पर्याय दाखवतो आणि प्रत्येकापुढे परिणाम लिहितो: यात कुठलाच जॉब उशिरा नाही पण सेटिंगला आठ तास, यात सेटिंगला पाच तास पण हे दोन जॉब एक दिवस उशिरा, यात मधलं. निवडतात काका आणि मी. ते दोन जॉब कुणाचे आहेत, ती पार्टी एक दिवस थांबेल का, हे मला फोनवर विचारता येतं. संगणकाला येत नाही.

१९७१ मध्ये अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी निर्णयांची वर्गवारी मांडली होती: काही निर्णय पूर्ण बांधीव, नियमाने घेता येणारे, काही अजिबात न बांधता येणारे, आणि मधले, ज्यांचा एक भाग गणिताने सुटतो आणि उरलेला माणसाच्या समजेवर राहतो. निर्णयाला आधार देणाऱ्या व्यवस्था या मधल्या आणि न बांधता येणाऱ्या निर्णयांसाठी, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार उशिरा वाचायला मिळालं. शॉपमध्ये उभं राहून जे कळत होतं त्याला तिथे नाव मिळालं.

आणखी एक सुधारणा सेटरच्या संतापातून झाली. सुरुवातीला आराखडा दर तासाला नव्याने निघायचा. सेटरने जॉ बोअर करून झाले आणि पडद्यावर वेगळाच जॉब आला, असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्याने पाना टेबलावर ठेवला आणि ऑफिसमध्ये येऊन म्हणाला, "आधी ठरवा, मग सांगा." बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून चालू आणि पुढच्या शिफ्टचा क्रम गोठवलेला असतो. त्यानंतरचंच हलतं.

राहिलं "सकाळी नको". त्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सगळ्यात जवळची वाटते.

अ‍ॅल्युमिनियमचं एक हाउसिंग आम्ही करतो, त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ८० मिलिमीटर, एच७. म्हणजे नेमक्या मापापासून वर फक्त ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात रिजेक्शन फार होतं. मशीनवर पास झालेले पीस दुसऱ्या दिवशी फायनल इन्स्पेक्शनला लहान भरायचे. ऑपरेटर म्हणायचा मी मापलं होतं, क्यूसी म्हणायचा मीही मापलं. दोघंही खरं बोलत होते. काकांचा अंदाज स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर होता: सकाळी मशीन गार असतं, तापेपर्यंत माप सरकतं, म्हणून हा जॉब सकाळी लावू नका. अनुभवाच्या दृष्टीने रास्त कारण.

आम्ही दोन आठवडे त्या जॉबच्या प्रत्येक पीसवर मार्करने नंबर टाकला आणि ऑपरेटरने टूलचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची मशीनमधली बारीक दुरुस्ती, बदलला की तो आकडा आणि वेळ लिहायला सांगितली. मी ते स्प्रेडशीटमध्ये घेतलं आणि दिवसाच्या तासांवर मांडलं. दोन गोष्टी दिसल्या. सकाळचे पीस दुसऱ्या दिवशीही बरोबर होते. लहान निघत होते ते दुपारचे. आणि ऑफसेट रोज दुपारपर्यंत हळूहळू एकाच दिशेने, बोअर लहान करायच्या बाजूला, सरकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर तो पुन्हा मागे घेत होता. टूल झिजतं तेव्हा बोअर लहान होतो आणि ऑफसेट उलट्या बाजूला न्यावा लागतो. म्हणजे झीज हे कारण नव्हतं.

मी आलेख घेऊन मशीनपाशी गेले. दुपारचे अडीच वाजले होते. ऑपरेटरने नुकताच काढलेला पीस माझ्या हातात दिला आणि तो चांगला कोमट लागला. कूलंटच्या टाकीत हात घातला, तीही कोमट. सकाळी ती गार असते, दिवसभर चालून तापते आणि पीस तिच्याइतकाच तापून बाहेर येतो. अ‍ॅल्युमिनियम एक मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरला दर अंशाला जवळजवळ १.८ मायक्रॉन. पीस दहा अंशांनी जास्त गरम असेल तर बोअर १८ मायक्रॉन मोठा दिसणार, ३० पैकी १८. ऑपरेटर इमानाने तो मोठा बोअर बघून ऑफसेट कमी करत होता, आणि पीस गार झाला की बोअर लहान होत होता. त्याचं माप खरं होतं, चूक तापमानाची होती.

त्याच दिवशी बारा पीस काढल्या काढल्या, अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या सकाळी असे तीनदा मापले. बाराही पीसचा बोअर सकाळपर्यंत १५ ते २० मायक्रॉनने कमी झाला होता. ऑपरेटर बाजूला उभा राहून बघत होता. गेले कित्येक महिने त्याच्या नावावर रिजेक्शन लागत होतं. तो काही बोलला नाही, फक्त बोअर गेज हातात घेऊन शेवटचा पीस स्वतः पुन्हा मापला.

मापाचं ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. आयएसओ १ हे मानक त्याचंच. आमचं शॉप त्याहून गरम असतं, आणि गेज जुळवून घ्यायची मास्टर रिंग पोलादाची, जी अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्यानेच फुगते. म्हणून पीस पूर्ण गार झाला तरी थोडा फरक उरतोच. मी मोबाइलवर एक साधा फॉर्म केला: पीसचं तापमान, रिंगचं तापमान, गेजचं रीडिंग. उत्तर एका ओळीत येतं: "२० अंशाला बोअर इतका. ऑफसेट हलवू नका," किंवा "ऑफसेट इतका हलवा." स्पर्शाने तापमान दाखवणारा थर्मामीटर मशीनच्या शेजारी टांगला. त्या जॉबचं रिजेक्शन पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, पण दुपारचे पीस लहान निघणं थांबलं. काकांनी "सकाळी नको" ही अट स्वतः काढायला सांगितली. मी मात्र दुसऱ्या दोन बारीक टॉलरन्सच्या जॉबना ती तशीच ठेवली आहे, कारण तिथे गार स्पिंडलचा परिणाम नोंदींत खरोखर दिसतो.

हीट ट्रीटमेंटला बाहेर जाणारा माल कधी परत येईल याचा अंदाज अजून आम्हाला नीट बांधता आलेला नाही. मी तिथे एक तारीख टाकते आणि ती बऱ्याचदा चुकते. गेल्या काही महिन्यांच्या जाण्यायेण्याच्या तारखा आता जमवते आहे.

काळा फळा अजून आहे. काका अजून रोज सकाळी त्यावर खडूने लिहितात, फक्त आता पडद्यावरून निवडलेला क्रम उतरवतात. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. चौदा जॉब होते, तेरा जुळले. एक त्यांनी मागे टाकला होता. रकान्यात काही लिहिलं नव्हतं म्हणून मी जाऊन विचारलं.

"मटेरियल आलंय ना त्याचं? स्टोअरला नोंद आहे," मी म्हटलं.

"नोंद आहे ताई, पण बार अजून कापलेले नाहीत. सॉ मशीनवर आज दुसराच माल आहे."

मी परत आले आणि आराखड्यात एक नवीन मशीन वाढवलं. दीड वर्षं मी सॉ मशीन मोजलंच नव्हतं.